पाटकऱ्याचे बूट

बूट मी निवडले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यावर ठपका ठेवायला कुणाला शेवटपर्यंत थांबावं लागणार नाही. मोजे मी विणले, माप मी घेतलं, दुकानं मी पालथी घातली आणि दुकानदाराशी हुज्जतही मीच घातली. यजमानांचा या सगळ्यात वाटा एवढाच, की पाय त्यांचे होते.

ते पाटकरी होते. कर्जतहून भिवपुरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. घाटावरच्या धरणाचं पाणी मोठमोठ्या नळांतून खाली वीजघरात उतरतं, तिथलं काम उरकलं की कालव्यात सुटतं, आणि त्या पाण्यावर आमच्याकडे उन्हाळी भात होतं. पावसाळ्याचं भात झोडून होतंय न होतंय तोच पौषात पुन्हा चिखल आणि पुन्हा लावणी. कालव्याची दारं उघडायची, पाळीप्रमाणे ज्याच्या त्याच्या खाचरात पाणी जातंय की नाही ते बघायचं, दाराशी अडकलेला पालापाचोळा उपसायचा, फुटलेला बांध बुजवायचा, हे करणारा माणूस म्हणजे पाटकरी. यातलं बरंचसं काम पाण्यात उभं राहूनच करावं लागतं. कधी पोटरीपर्यंत, कधी गुडघ्यापर्यंत. बावीस हिवाळे त्यांनी ते अनवाणी केलं. मी त्याच गावात शाळेत शिकवत होते, जमिनीवर, चपला घालून.

मी मूळची देशावरची. लग्न होऊन इथे आले तेव्हा संध्याकाळी त्यांचे पाय बघून मला धसका बसला होता. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचांना भेगा, नखं मातीसारखी काळी. मागच्या दारी एक धोंडा होता, त्याच्यावर बसून ते अर्धा तास पाय धूत. नारळाच्या शेंडीने घासायचे, बोटं एकेक करून फाकवायचे, आत काटा किंवा शिंपल्याचा तुकडा आहे का ते चाचपायचे. मग खोबरेल. देवपूजा एवढ्या निगुतीने केली असती तर सासूबाई खूश झाल्या असत्या. त्या अर्ध्या तासात चहा गार व्हायचा आणि मी करवादायची. पाय म्हणजे पाय, त्यात एवढं काय न्याहाळायचंय, असं मला वाटे.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्याची ही गोष्ट. दोन्ही मुली सासरी गेल्या होत्या, घरात आम्ही दोघंच. यजमान सारखे पाणी पीत आणि सारखे बाहेर जात. अंगावर कपडे ढिले व्हायला लागले होते. मी कर्जतच्या डॉक्टरांकडे ओढून नेलं. ओढून म्हणजे खरोखरच ओढून. पाटकऱ्याला पाळी चुकवून दवाखान्यात जाणं म्हणजे लग्नातून पळून गेल्यासारखं वाटतं. डॉक्टरांनी लघवी तपासली आणि साखर निघाली.

"काम काय करता?" डॉक्टरांनी विचारलं.

मीच उत्तर दिलं. तशी सवयच होती मला.

डॉक्टरांचा चेहरा जरा उतरला. त्यांनी ह्यांना टेबलावर आडवं केलं, डोळे मिटायला सांगितले आणि टाचणीने तळपायाला हलकंसं टोचलं. "कळतंय?" "हो." "आता?" "हो." दोन्ही पायांना पाचसहा वेळा टोचून झालं. मग हात धुता धुता ते म्हणाले, "अजून पायाला कळतंय, हे नशीब. पण जपा. पाय कोरडे ठेवा, जखम होऊ देऊ नका, रोज संध्याकाळी तळपाय बघत जा. या आजारात जखम एकदा चिघळली की पाय वाचवणं कठीण. कापावा लागतो."

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. मी घरी येईपर्यंत एकच उरली होती: पाय कोरडे ठेवा. बाकीच्या दोन त्यातच आल्या, असं मी धरून चालले. शाळेत मुलांना मी हेच बजावायची, की प्रश्न पूर्ण वाचा.

काम सोडा, असं म्हणून पाहिलं. ते नुसते हसले. मग गमबूट, असं मी ठरवलं. गमबूट आमच्या गावात कुणी घालत नव्हतं. वीजघरातले काही लोक पावसाळ्यात घालायचे, तेवढेच पाहिलेले. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ज्यातलं कळत नाही त्यात मी जास्तच जोराने उतरते.

आधी माप. ते दुकानात यायला तयार नव्हते, म्हणून एका सकाळी दोन्ही पाय वर्तमानपत्रावर ठेवायला लावले आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. त्यांना गुदगुल्या होतील म्हणून मी हळूच फिरवत होते. ते सरळ समोर भिंतीकडे बघत उभे होते. झालं का, म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा माझी दुसरी फेरी चालू होती. पाय अजिबात हलला नाही म्हणून मी त्यांची पाठ थोपटली.

कर्जतच्या बाजारात घोट्यापर्यंतचे पावसाळी बूट मिळाले. ते मी बाजूला सारले. घोट्यापर्यंतच्या बुटांनी पोटरीभर पाण्यात काय होणार? दुसऱ्या दुकानात गुडघ्यापर्यंतचे होते, पण तळवा गुळगुळीत. कालव्याच्या दगडांवर शेवाळ असतं, एवढं मी ऐकून होते. बूट उलटा धरून मी तळव्यावर अंगठा घासला आणि परत ठेवला. दुकानदार म्हणाला, बाई, बूट घेताय की म्हैस? तिथून मी तणतणत बाहेर पडले.

शेवटी रविवारी एसटीने खोपोलीला गेले. तिथे कारखान्यांना माल पुरवणारं एक दुकान होतं. आत रबराचा वास कोंदलेला, आणि काळे बूट जोडीजोडीने दोरीला टांगलेले. दुकानदार म्हातारा होता आणि त्याला काही घाई नव्हती. मी वर्तमानपत्र उलगडून पुढे ठेवलं.

"माणूस का नाही आणला?"

"माणूस पाण्यात आहे."

त्याने कागदावर तळहात पसरून माप घेतलं. मग मी त्याला सगळं सांगितलं: कालवा, पौष, साखर. तो ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, माझं ऐकाल तर गमबूट घेऊ नका."

"मग काय घेऊ?"

त्याने खालच्या फळीवरून कॅनव्हासचे बूट काढले, जाड रबरी तळव्याचे, नाडीचे, बाजूला पितळी भोकं असलेले. "हे घ्या. पाण्यात उतरणाऱ्याला हेच बरे. यात पाणी येतं आणि जातं. पाय ओला होईल, पण दगडकाचेपासून वाचेल, आणि रोज संध्याकाळी नाडी सोडून पाय बाहेर काढावाच लागेल. गमबुटात वरून एकदा पाणी शिरलं की ते जात नाही. ती बादलीच होते. माणूस बादलीत पाय घालून दिवसभर हिंडतो."

भोकं असलेले बूट! पाय कोरडा ठेवायला मी तालुका ओलांडून आले होते आणि हा गृहस्थ मला भोकं विकत होता. मी म्हटलं, डॉक्टरांनी कोरडं सांगितलंय. तो म्हणाला, डॉक्टर पाण्यात उतरलेत का कधी? मी म्हटलं, तुम्ही उतरलात? तो हसला आणि गमबूट दाखवायला लागला.

गमबुटांतही दोन जाती निघाल्या. एक आतून साधे, नुसतं रबर. दुसरे आतून कापडाचं जाड अस्तर लावलेले. मी दोन्हींत हात घालून पाहिला. साध्यात हात गारठला. अस्तराच्या बुटात हात घातल्यावर बरं वाटलं, आपण शालीत हात घालतो तसं. त्याच क्षणी मी ठरवलं. अस्तर ओलं झालं तर वाळायला दोन दिवस लागतील, असं त्याने सांगितलं. मी म्हटलं, ते माझ्याकडे लागलं. लोकरीचे मोजे आत येतील म्हणून एक नंबर मोठे घेतले. तळव्याला खोल खाचा होत्या, त्यात अंगठ्याचं नख रुतत होतं. येताना एसटीत बूट मांडीवर घेऊन बसले होते. पळसदरीला शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, मुलगा कारखान्यात लागला वाटतं? मी हो म्हटलं. खरं सांगायचा कंटाळा आला होता.

मोजे विणायला मला चार रात्री लागल्या. करड्या लोकरीचे, गुडघ्याला येतील असे. पहिल्या दिवशी बूट घालून ते अंगणात चालले तेव्हा शेजारच्या ओट्यांवरून लोक बघत होते. ह्यांना लाज वाटत होती आणि मला अभिमान.

"बरे वाटतात का?" मी विचारलं.

"चांगले हायत."

"ऊब आहे ना?"

"हाय ना. भरपूर हाय."

ऊब आहे म्हटल्यावर मला आणखी काय हवं होतं! त्या संध्याकाळी बूट काढून ते थेट घरात आले. पायात मोजे तसेच. धोंड्यावर बसणं नाही, घासणं नाही, खोबरेल नाही. मी ओतलेला चहा त्यांनी पहिल्यांदा गरम प्यायला. बावीस वर्षांनी मला घरात कोरडा नवरा मिळाला होता. मी कुणाकुणाला सांगत सुटले.

पंधरा दिवसांनी शाळेला सुट्टी होती. लावणी ऐन भरात आली होती आणि हे सकाळी डबा विसरून गेले होते. मी डबा घेऊन कालव्याच्या कडेकडेने निघाले. वळणावर खाचरं सुरू होतात, तिथे बांधावर मला बूट दिसले. दोन्ही एकमेकांना लावून नीट ठेवलेले, आत मोजे घडी करून खोचलेले. आणि आमचे यजमान खाली खाचरात, धोतर वर खोचून, पोटरीभर चिखलात अनवाणी. पाणी कुठून फुटतंय ते पायाने चाचपत होते. बाजूला सातआठ बायका ओणव्या होऊन लावणी करत होत्या.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बांधावरूनच मी ओरडले, "हे काय चाललंय?"

बायका कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. यजमान ओशाळले. "अगं, भातात बूट घालून कसा उतरू? रोपं लावतायत बायका."

आमच्याकडे खाचरात पायताण घालून कुणी जात नाही. खळ्यात नाही, रोपांच्या राबात नाही, भातात तर नाहीच. कुणी शिकवत नाही, दंडही करत नाही. माणूस बांधापाशी आला की पाय आपसूक मोकळा होतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी देशावरची, मी शिकलेली, मला डॉक्टरांनी सांगितलेलं.

"पाय कापायची वेळ आली तर ही रोपं येणार आहेत का धरायला?" मी म्हटलं. सगळ्यांसमोर. कापायची गोष्ट तोवर गावात कुणालाच माहीत नव्हती.

लावणीतली सर्वांत वयस्कर बाई, जिचं ते खाचर होतं, ती चिखल तुडवत बांधापाशी आली. "बाई, आमी त्याला कदी काढ म्हटलं नाय. तोच काढतो. काढतो आनि परत घालताना पाय धुतो पाटात, पुसतो, येकयेक बोट बगतो. आमी हसतो त्याला." मग ती त्याच्याकडे वळली. "घाल रं बूट. बाय तुजी रडकुंडीला आलीय. भातलक्ष्मी काय रागावनार नाय तुज्यावर. आजारी मानसाला समदं माफ असतं."

त्याने ऐकलं. म्हणजे ह्यांनी ऐकलं. आजारी माणूस, हा शब्द त्यांना लागला, ते मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या दिवसापासून ते बूट घालून खाचरात उतरायला लागले. बायका वळून बघत नसत, हे मला नंतर कळलं. ते जवळून गेले की त्या माना आणखी खाली घालत.

जिंकले होते मी. जिंकल्यावर फार दमायला होतं, हे तेव्हापासून मला कळायला लागलं. कारण आता बूट रोज ओले यायचे. खाचरात चिखल गमबूट ओढून धरतो, पाय काढायला गेलं की माणूस कलतो आणि वरून पाणी आत जातं. दाराशी वाकलं की गुडघ्यावरून पाणी आत. ते बिचारे बांधावर बसून बूट उलटे करायचे, मोजे पायातल्या पायातच पिळायचे, बूट पुन्हा घालायचे. घरी आले की मी बूट ओढून घ्यायची. आत वर्तमानपत्र कोंबायची, चुलीच्या आडोशाला उलटे टांगायची, सकाळी पुन्हा कागद बदलायची. अस्तर काही केल्या वाळेना. शाळेत उभ्याने शिकवायचं, घरी येऊन बूट वाळवायचे, पहाटे उठून मोजे तव्याशेजारी धरायचे. पाठीचा कणा मोडून आला. वाटायचं, या बुटांना मी पोसते आहे की हे मला?

मग वास यायला लागला. कुबट, जड वास. मी अस्तराला दोष दिला. दुकानदाराने सांगितलंच होतं. कडुलिंबाचा पाला आत घातला, भर दुपारी उन्हात ठेवले, राख भुरभुरली. वास जाईना. चारसहा दिवस मी त्या बुटांशी भांडत होते. मोजे मात्र ते आता वाळवायला काढून देईनासे झाले, घालूनच झोपत. तू विणलेत, बरे वाटतात, म्हणत. मला ते आवडत होतं, हे कबूल करते. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या गोष्टीचं तोंडभरून कौतुक केलं नव्हतं.

एका सकाळी मोजे धुवायला मागितले तर डाव्या पायाचा निघेना. लोकर तळपायाला चिकटली होती. मी कोमट पाणी ओतून ओतून तो सोडवला. आत अंगठ्याच्या खाली, रुपयाएवढी जागा काळी पडली होती आणि मधे खड्डा होता. बूट उपडा करून मी आपटला. अस्तराच्या शिवणीतून गोगलगायीच्या शंखाचा फुटका तुकडा पडला, नखाएवढा. धार होती त्याला. कधी पाण्याबरोबर आत शिरला असेल आणि किती दिवस ते त्याच्यावर उभे होते, देव जाणे.

"दुखलं नाही तुम्हाला?" मी विचारलं.

ते पायाकडे बघत राहिले. दुसऱ्या कुणाच्या पायाकडे बघावं तसं. "नाय."

कर्जतच्या डॉक्टरांनी जखम पाहिली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. मग मुंबईचं मोठं सरकारी इस्पितळ. तिथे ते पावणेदोन महिने होते. आधी अंगठा काढला. मग शेजारचं बोट. मग पाचही बोटं आणि चवड्याचा काही भाग. दर वेळी डॉक्टर म्हणत, आता थांबेल. मी बिनपगारी रजा काढली, व्हरांड्यात सतरंजी टाकली, शेजारच्या खाटेवरच्या माणसांच्या बायकांशी स्वयंपाकाच्या गोष्टी केल्या. रडू आलं नाही. रडायलाही थोडी ताकद लागते, आणि मी ती बुटांत घालवली होती.

दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर एकदा ते म्हणाले, "तुला एक सांगायचंय. ओरडू नको."

"सांगा."

"त्या टाचणीच्या वेळी मी डोळे पुरते मिटले नव्हते. बारीक उघडे ठेवले होते. डॉक्टरचा हात खाली गेला की मी हो म्हनायचो."

मी विचारलं, "का?"

"कळत नाय म्हटलं असतं तर घरी बसवलं असतं. तूच बसवलं असतंस."

बसवलं असतं. खरंच होतं. पण तेव्हा मला इतका राग आला, की मी उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. परत येताना माझा राग कुणावर होता हे मला सांगता आलं नसतं. पाय मुके आहेत हे त्यांना माहीत होतं, म्हणून तर ते रोज डोळ्यांनी बघायचे. पायांना जे कळत नव्हतं ते त्यांनी डोळ्यांना आणि बोटांना शिकवलं होतं. बांधावर बूट काढून ठेवायचे तेव्हासुद्धा ते दिवसातून चारदा पाय बघत होते. भात त्यांना बूट काढायला लावत होतं, म्हणून तोवर पाय शाबूत होता. मग मी काढायची बंदी केली.

हे मी त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "गप बस. तुला काय माहीत होतं?" हे माफ करणं होतं की दोष देणं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांना काठी लागली. कालव्याच्या चौकीत बसून पाळीची यादी लिहायचं हलकं काम त्यांना मिळालं आणि दारांवर नवीन पाटकरी आला. डावा पाय फडक्यात गुंडाळून ते जुन्या चपलेत घालतात, आणि आता रोज संध्याकाळी तो पाय मी बघते, दिव्याजवळ धरून, बेचक्या नसलेला. उजव्याची बोटं एकेक करून फाकवते. चहा गार होतो.

पुढच्या पौषात एका रविवारी मी चौकीवर डबा घेऊन गेले होते. नवा पाटकरी तापाने घरी होता. तेवढ्यात खालच्या खाचरातून त्याच म्हातारीची हाक आली, "पानी बंद झालं रं! रोपं काढून ठेवलीत, सुकतील." आम्ही दाराशी गेलो. कुठून तरी वाहत आलेल्या गवताचा आणि फांद्यांचा भला मोठा भारा दाराच्या तोंडाशी अडकला होता. यजमान काठी टाकून कडेवर बसले आणि धोतर सावरायला लागले.

"बसा तिथेच," मी म्हटलं.

मी चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरले. त्या कालव्याच्या काठी मी जन्म काढला, पण पौषात त्यात पाय घालायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. माझ्या तोंडून आवाज निघाला. ती थंडी नव्हती, ते दुखणं होतं. घोट्याच्या हाडांत कुणी काहीतरी ठोकत होतं. फांदी धरून ओढली, एक निघाली, दुसरी निघेना. श्वास लागला. दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील.

यजमान कडेवरून माझ्या पायांकडे टक लावून बघत होते.

"गार हाय का गं?" त्यांनी विचारलं.

मी वर पाहिलं. बायकोची काळजी म्हणून विचारलेलं नव्हतं ते. त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं.

"किती वर्षं झाली?" मी विचारलं. "गार लागेनासं होऊन?"

त्यांनी आठवून पाहिलं. "थोरलीच्या लग्नाच्या वर्षी थोडं थोडं लागायचं. मग नाय."

मी फांदी सोडली आणि नुसती उभी राहिले. म्हातारी खालून पुन्हा ओरडली.

"सांग ना," ते म्हणाले. "टाचेला लागतं?"

"टाचेला लागतं."

"आनि बोटांच्या मदी?"

"तिथे सगळ्यात जास्त," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "हां," ते म्हणाले, "तिथंच जास्त लागायचं."